पाव, पाव, पाव आणि पावती : शब्द एक की चार?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. परवाची गोष्ट. सुट्टीत नणंदेचा मुलगा आमच्याकडे नाशिकला आलाय, वय वर्षं नऊ. सासूबाईंनी त्याच्या हातात पिशवी दिली आणि एका दमात सांगितलं, "जाताना देवळात अभिषेकाची पावती फाड, येताना पाव किलो खवा आण, आणि बेकरीतून एक लादी पाव. देव पावला तर तुझ्या मामाची बदली इकडेच होईल." पोरगं पिशवी घेऊन दारातच उभं राहिलं. म्हणालं, "मामी, आजी किती वेळा पाव म्हणाली! हे सगळे पाव एकच का? आणि पावती म्हणजे छोटा पाव का?"

मला पटकन काही सांगता येईना. "तू आधी जाऊन ये, मग बघू," म्हटलं. तो गेला आणि मी विचार करत बसले. बेकरीतला पाव पोर्तुगीजांकडून आला हे शाळेत ऐकलं होतं. पण शेजारच्या वहिनी ठामपणे म्हणतात की कणीक पायाने तुडवतात म्हणून तो पाव. दीरांचं म्हणणं वेगळं : पूर्वी मोठी भाकरीएवढी रोटी भाजायचे आणि तिचा चौथा हिस्सा विकायचे, म्हणून पाव. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही.

तर जाणकारांनो, पोराला खरं उत्तर द्यायचंय. चौथा हिस्सा, खायचा पाव, देवाचं पावणं आणि पावती, यांचं मूळ एक की वेगवेगळं? आणि इतर भाषांत "पाव" म्हणजे काय काय होतं, तेही सांगा.

जुना_विद्यार्थी :

ताई, मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, तेव्हा चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करतो.

हा पाव म्हणजे संस्कृत "पाद". पाद म्हणजे पाय. मग पाय आणि चौथाई यांचा संबंध काय? गाय डोळ्यांसमोर आणा. चार पायांवर उभी आहे, एक पाय म्हणजे चारातला एक. ही कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे, त्यात म्हटलंय, "पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि." सगळी भूतसृष्टी हा त्या पुरुषाचा एक पाद, आणि तीन पाद वर अमृतरूपात. इथे पाद म्हणजे सरळ पाव हिस्सा, उरलेले तीन म्हणजे पाऊण. श्लोकाच्या चौथ्या भागाला आपण चरण म्हणतो तेही त्याच न्यायाने. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद, असे एकूण बत्तीस.

प्राकृतात दोन स्वरांमधला "द" गळून पडला आणि "पाअ" झालं. ती मधली पोकळी कुठे "य"ने भरली, कुठे "व"ने. म्हणून मराठीत एकाच पादाचे दोन शब्द राहिले : चालायचा तो पाय, मोजायचा तो पाव. पाऊल त्यांच्याच घरातलं.

याची भावंडं लांबवर पसरली आहेत. लॅटिनमध्ये पायाला पेस, षष्ठीत पेदिस. ग्रीकमध्ये पूस, पोदोस. फारसीत पा, आणि त्यावरून आपला पायजमा, म्हणजे पायाचा जामा. इंग्रजीत फूट. त्या शाखेत जुन्या "प"चा "फ" झाला आणि "द"चा "ट" झाला, हे नियमाने घडलं आहे. पितृ आणि फादर यांच्यातही तसंच. सायकलचं पेडल मारताना आपण पाव किलोतल्या पावाच्या चुलतभावावरच पाय ठेवतो.

हिशेबनीस :

सरांनी पाया घातला, आता मी त्यावर पाढे म्हणतो.

आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशा सगळ्या तोंडपाठ होत्या. पावकी म्हणजे पावाचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनचा. भुसार दुकानात "सवा सात शेर, दर साडेतीन" असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांचं उत्तर तयार असे. मला त्यांनी पावकी आणि निमकी शिकवली, पुढचं राहून गेलं याची आजही हळहळ वाटते.

या आकड्यांत पाद कुठे कुठे दडलाय ते बघा. पाऊण म्हणजे पाद + ऊन, पावाने कमी. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. सव्वा म्हणजे स + पाद, पावासकट. शाकंभरीच्या चौहानांच्या राज्याला जुन्या काळी सपादलक्ष म्हणत, म्हणजे सव्वा लाख. आपण घड्याळ बघून सव्वासात म्हणतो तेव्हा हाच शब्द झिजून तोंडात आलेला असतो.

दीड, अडीच आणि औट यांची गंमत आणखी वेगळी. अडीच म्हणजे अर्धतृतीय : दोन पुरे, तिसरा अर्धा. औट म्हणजे अर्धचतुर्थ : तीन पुरे, चौथा अर्धा. जर्मन माणूस दीडला "आंडरटहाल्ब" म्हणतो, त्याचा अर्थही "दुसरा अर्धा" असाच होतो. मी जर्मन कंपनीत नोकरी केली, तिथल्या एका सहकाऱ्याला कागदावर औट लिहून समजावलं, तेव्हा त्याला फार आनंद झाला.

आणि नाणी. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. १९५७ मध्ये दशमान पैसे आले, चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले, पण पावली हे नाव तोंडातून गेलं नाही. शेवटी ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणंच चलनातून गेलं. वजनातही तसंच. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, त्याचा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास. किलो आल्यावर पाव २५० ग्रॅमचा झाला. शब्द तोच राहिला, माप मात्र वाढलं.

दप्तरखाना :

पावतीचं मी सांगतो, कारण जुने कागद वाचणं हाच माझा छंद.

माझ्यासमोर आत्ता पणजोबांच्या ट्रंकेतला एक कागद आहे. घडीवर फाटलाय, शाई तपकिरी पडली आहे. बैल विकल्याचा व्यवहार. खाली तिकीट डकवलंय, त्यावर आडवी सही, आणि सहीच्या वर तीन शब्द : "रुपये रोख पावले." म्हणजे मिळाले, हाती आले. ज्या कागदावर "पावले" असं लिहून द्यायचं तो कागद म्हणजे पावती. जुन्या पत्रांची सुरुवातही अशीच असते : "पत्र पावले, मजकूर कळला."

याचं मूळ संस्कृत प्र + आप्, म्हणजे प्राप्त होणं. प्राप्नोतिचं प्राकृतात पावइ झालं. दोन स्वरांमधल्या "प"चा "व" होणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. दीपाचा दिवा झाला, तापाचा ताव झाला (अंगात ताव आहे, कढईला ताव द्या), तसाच प्राप्चा पाव झाला. हिंदीतलं "पाना" हे त्याचंच भावंड.

या पावण्याला दोन बाजू आहेत. माणसाला वस्तू पावते आणि माणसाला देवही पावतो. गणपतीच्या आरतीत रामदास म्हणतात, "संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे." संकटात धावून ये, मला प्राप्त हो. पुष्कळजण तिथे "संकष्टी पावावे" म्हणतात. मला ते ऐकवत नाही, कारण त्याने अर्थच बदलतो. रामदास चतुर्थीची तिथी मागत नाहीत, संकटात हात मागतात. पोराला हे जरूर सांगा.

म्हणजे ताई, देव पावला आणि देवळातली पावती हे दोन सख्खे. पाव किलोशी त्यांचं काहीच नातं नाही.

गोदाकाठ :

दप्तरखाना, तुमचा तो कागद बघायला आवडेल. आणि आरतीचं कबूल करते, मीही इतकी वर्षं संकष्टीच म्हणत आले. आजपासून बदलते. आता खायच्या पावाचं कोणीतरी सांगा, वहिनी वाट बघतायत.

वसईचा_वारा :

पाव हा आमच्या घरचा विषय आहे.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मध्ये दोनशे पाच वर्षं गेली. एवढ्या काळात आमच्या बोलीत, पंगतीत आणि चुलीपाशी पोर्तुगीज किती मुरलं असेल ते सांगायला नको. पोर्तुगीजमध्ये ब्रेडला "पांव" म्हणतात, नाकातून. मूळ लॅटिन पानिस. त्याच पानिसचं स्पॅनिशमध्ये पान, इटालियनमध्ये पाने, फ्रेंचमध्ये पँ. तर खायचा पाव हा या घराण्यातला. पायाचाही नाही आणि पाव किलोचाही नाही.

लहानपणी एक गोष्ट ऐकायचो : विहिरीत पाव टाकला, ते पाणी लोक प्यायले आणि अख्खं गाव बाटलं. ती गोष्ट सांगताना म्हाताऱ्यांचा आवाज खाली यायचा. त्यातून एक मात्र दिसतं, पाव हा शब्द आपल्याकडे पहिल्यांदा परका आणि भीतीचा म्हणून आला. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं दिली म्हणून केवढं काहूर उठलं, रानडे आणि टिळक दोघांवर प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. आणि आज वडा, मिसळ, भाजी, उसळ, ऑम्लेट, सगळ्यांना तोच लागतो. एवढं मोठं मन बदलणं शंभर-सव्वाशे वर्षांत झालं, ते मला फार मोलाचं वाटतं.

पायाने तुडवण्याच्या गोष्टीतही ती जुनी किळसच आहे. शब्द परका होता म्हणून त्याला आपला अर्थ चिकटवला, आणि चिकटवताना हलका अर्थ चिकटवला.

मिरजमळा :

वसईकर, किळस बाजूला ठेवू, पण मी लहानपणी आमच्या गल्लीतल्या बेकरीत लाकडी काहिलीत माणूस उतरून पीठ तुडवताना डोळ्यांनी पाहिलंय. पाय धुऊन, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून. तेव्हा वहिनींचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

क्योतो_मुक्काम :

मिरजमळा, तुम्ही पाहिलं ते खरं असेल. एवढं पीठ हाताने मळणं सोपं नाही. पण नाव त्यावरून पडलं का, हे तपासायची एक सोपी रीत आहे : जिथे मराठी नाही आणि पाद नाही, तिथे या पदार्थाला काय म्हणतात ते बघायचं.

मी आठ वर्षं जपानात राहते. इथे ब्रेडला "पान" म्हणतात आणि बेकरीला "पान-या". पहिल्या आठवड्यात दुकानाच्या पाटीवर पान वाचून मला विड्याची आठवण झाली होती. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरले, त्यांच्याबरोबर हा शब्द आला. जपानीत पायाला "आशि" म्हणतात आणि चौथाईचा शब्द तर अगदीच निराळा. म्हणजे पायाचा वा हिश्श्याचा काही संबंध नसताना हाच पदार्थ, हेच नाव आणि आणणारी माणसंही तीच. जपानीतून तो पुढे कोरियात "प्पांग" होऊन गेला आणि तैवानच्या बोलीत "फांग" होऊन गेला.

इथला अंपान मला फार आवडतो : पावाच्या पोटात लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण. तोक्योच्या गिंझामधल्या किमुराया बेकरीने तो काढला आणि १८७५ मध्ये मेइजी सम्राटांना खाऊ घातला. परक्या पावात आपलं पुरण भरलं की तो घरचा होतो. आपण वडा भरला, त्यांनी अझुकी.

अजून एक. पानिसपासूनच "कंपनी" हा शब्द आला. लॅटिन कोम् म्हणजे बरोबर, पानिस म्हणजे भाकर. एका भाकरीतले ते सोबती. आपण "एका ताटात जेवलोय" म्हणतो, तसंच.

दप्तरखाना :

क्योतो ताई, तुमच्या पोस्टमुळे मला एक प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर शोधण्यात कालची रात्र गेली. मूळ शब्द एकच, मग जपानात शेवटी "न" का आणि आपल्याकडे "व" का?

पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी जो आवाज आहे तो धड न नाही, धड व नाही. नाकातून निघणारा "आँव" असा काहीसा आहे. ज्याच्या भाषेत तो नाही, त्याने आपल्याला जवळचा वाटला तेवढा भाग घेतला. जपान्यांनी नाक घेतलं, "पान". आपण ओठ घेतले, "पाव".

हा योगायोग नाही, कारण दुसऱ्या शब्दांतही असंच झालंय. पोर्तुगीजमध्ये गुंडीला "बुताँव". जपानीत त्याचं झालं "बोतान", इथेही शेवटी न. आता आपल्याकडे बघा. पोर्तुगीज "लेलाँव" म्हणजे बोली लावून विकणं. त्यांनी तो अरबीतून घेतला होता. मराठीत त्याचा झाला लिलाव. पाँवचा पाव, लेलाँवचा लिलाव, दोन्हीकडे शेवटी व.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट आता. तोच लेलाँव हिंदीत गेला तो "नीलाम" होऊन. तिथे नाकाचा म झाला. बंगालीत गुंडीला "बोताम" म्हणतात, तिथेही म. आपण आजवर लिलाव आणि नीलाम हे शेजारी शेजारी ऐकत आलो, पण ते एकाच आवाजाचे दोन अर्धे तुकडे आहेत हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

नुसता कानाला सारखा वाटला म्हणून शब्द सारखा ठरत नाही. आवाज बदलला तर तो दुसऱ्या शब्दांतही तसाच बदललेला दिसला पाहिजे. पायाच्या गोष्टीला असा दुसरा साक्षीदार नाही. पोर्तुगीजांच्या गोष्टीला लिलाव साक्षीदार आहे.

मिरजमळा :

पटलं. लिलावाने माझी बाजू पाडली. पीठ पायाने तुडवलं असेल, नाव मात्र बोटीतून आलं.

दीरांच्या चौथ्या हिश्श्याबद्दलही एक सुचतं. खायच्या पावाला विभक्ती लागते : पावाला लोणी, पावाची लादी. मापाचा पाव किलो-शेराच्या आधी तसाच राहतो. "पावाचा किलो" कोणी म्हणत नाही. दोन्हींची बोलण्यातली वागणूकच वेगळी आहे.

माटुंगा_रोड :

आमच्या मजल्यावर तमिळ मामी राहतात. कोणी पडलं, कोणाची नोकरी गेली, की त्या हळहळून म्हणतात, "पावम्!" म्हणजे बिचारा. मी लहानपणी समजायचो की त्या पाव देऊ का विचारतात. हा संस्कृत "पापम्". तमिळमध्ये दोन स्वरांमधल्या पचा व झाला, जसा आपल्याकडे दीपाचा दिवा. पापावरून दया कशी आली, त्याचा विचार मी खूप केलाय. ज्याच्यावर दुःख येतं त्याला आपण बोल लावत नाही, फक्त तेवढं एक नाव घेऊन जवळ घेतो, असं मला मामींच्या आवाजावरून वाटतं.

त्यांचे एक नातेवाईक जाफन्याचे. त्यांच्याकडे ब्रेडला "पाण्" म्हणतात. सिंहलीतही "पान्". लंकेतही पोर्तुगीज होते, आणि लंकेनेही जपानसारखं नाकच घेतलं.

नवकार :

पापाचा पाव आपल्याकडेही आहे. प्राकृतात पापाला पावच म्हणतात. जैन नवतत्त्वांत पुण्ण आणि पाव असं जोडीने येतं. महावीरांचं निर्वाण झालं ती बिहारमधली पावापुरी. परंपरा सांगते की तिचं जुनं नाव अपापापुरी, पाप नसलेली नगरी. आमच्या घरी जैन स्थानकातून (प्रार्थनास्थळातून) आलेल्या आजी "पावकम्म", म्हणजे पापकर्म, म्हणायच्या तेव्हा मला बेकरीच आठवायची.

सोलापुरी :

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड. तिन्हीकडे पाव आहे.

तेलुगूत चौथाईला "पावु". आई भाजीवाल्याला पावु किलो म्हणते. कन्नडमध्ये "पावु" हे मोजायचं माप. तांदूळ शिजवताना एक पावु, दोन पावु असं चालतं. ही सगळी पादाचीच लेकरं, इकडून तिकडे गेलेली. पण जुन्या कन्नडमध्ये आणखी एक पावु आहे, तो म्हणजे साप! पुढे कन्नडमधल्या आरंभीच्या पचा ह झाला आणि तो "हावु" बनला. तेलुगूत तो "पामु", तमिळमध्ये "पांबु". या सापाचा पादाशी काही संबंध नाही, आणि सापाला पायही नाहीत.

प्रागची_थंडी :

चेक भाषेत "पाव" लिहिलं की मोर! पोलिश भाषेतही तेच, हंगेरियनमध्ये "पावा". सगळे लॅटिन "पावो"वरून, म्हणजे मोर. स्पॅनिश लोकांनी तो शब्द टर्की पक्ष्याला लावला. इथे प्राणिसंग्रहालयातली पाटी वाचून माझी मुलगी वळून म्हणाली, "आई, पाव पिसारा फुलवतोय."

जुना_विद्यार्थी :

सापापासून मोरापर्यंत आलो, आनंद वाटला. वर्गात मुलांना हेच समजावताना मला वर्ष लागायचं. माणसाच्या तोंडाला प, आ आणि व हे आवाज फार सोपे आहेत, त्यामुळे जगभर कुणी ना कुणी ते जोडतंच. मोर आणि पाव किलो यांच्यात नातं शोधू नये. नातं असेल तर दोघांचे आवाज जुन्या काळात मागे नेता येतात आणि कुठेतरी एकत्र भेटतात. पेस आणि पाद भेटतात. पान आणि पाव भेटतात. चेक मोर आणि नाशिकची लादी भेटत नाहीत.

गोदाकाठ :

काल रात्री जेवणं झाल्यावर भाच्याला अंगणात बसवलं आणि फरशीवर खडूने चार घरं आखली. एका घरात गाय काढली, चार पायांची. दुसऱ्यात पोर्तुगीजांचं गलबत. तिसऱ्यात पणजोबांचा "रुपये रोख पावले" कागद (दप्तरखाना, तुमचाच, न विचारता उसना घेतला). चौथ्यात त्याने स्वतःच मोर काढला. मग मी एकेक वाक्य म्हणायचे आणि तो त्या घरात उडी मारायचा. "पावणेनऊ वाजले" म्हटल्यावर गायीच्या घरात, "लिलाव" म्हटल्यावर क्षणभर थांबून गलबतात. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "आणि पावणे आले म्हटलं तर?" आम्ही दोघं गप्प. सर, याचं उत्तर द्या.

जुना_विद्यार्थी :

सासूबाईंना नमस्कार सांगा. ते पाहुणे, मूळ "प्राघुण". पाचवं घर आखावं लागेल.

म्हादय :

इतके दिवस वाचत होते, आज लिहिते. मी गोव्यातल्या फोंड्याकडची, आता पुण्यात.

आमच्या गावात अजून पहाटे पोदेर येतो. पोदेर म्हणजे पाववाला, पोर्तुगीज "पादेरू"वरून. सायकलच्या मागे बांबूची मोठी टोपली, वर प्लास्टिकचं कापड, आणि हॉर्नचा तो पों-पों. टोपलीत गोल उंडो, कोंड्याची पोयी, बांगडीसारखं काकण, कात्रीने कापल्यासारखे कातरे. जुन्या भट्ट्यांत पीठ फुगवायला माडाची सूर (माडी) घालत. तो किंचित आंबूस वास मला पुण्यात कुठल्याच पावाला येत नाही.

मी कॉलेजात पोर्तुगीज शिकले. बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले. एक नाकातला, म्हणजे पाव. दुसरा बिननाकाचा "पाऊ", म्हणजे लाकूड. म्हणाल्या, "नाक विसरलात तर बेकरीत लाकूड मागाल." त्या लाकडावरूनच "पाऊ-ब्राझील" हे झाड, आणि त्या झाडावरून देशाचं नाव ब्राझील.

दप्तरखाना यांनी लिहिलं की जपानने नाक घेतलं आणि मराठीने ओठ. ते वाचून मी लगेच घरी फोन लावला. कारण आम्ही कोंकणीत खायच्या पावाला "पांव" म्हणतो, त्यात नाकही आहे आणि "व"सुद्धा आहे. गुंडीलाही "बुतांव". आईला विचारलं, "अगं, पाव किलो म्हण बघू." ती म्हणाली, स्वच्छ, नाकाशिवाय. मग म्हटलं, "आता पोदेराकडचा म्हण." तोच शब्द, पण नाकातून. आईला तो फरक माहीत नव्हता, ती फक्त तसं बोलत होती, तिची आईही तशीच बोलायची. लिस्बनहून आलेला तो आवाज सबंध राहिला तो आमच्या स्वयंपाकघरात.

मी पुढे विचारणार होते की पोचण्याला आपण "पावप" म्हणतो ते कुठलं. तेवढ्यात मागे पों-पों ऐकू आलं आणि आई म्हणाली, "पोदेर पावलो गो, मागीर उलोवया."